नाव शेवटी: जुनी अनोळखी विमाने ओळखण्याचा खेळ

चवथीला घर भरलेले असते, जेवणे उरकलेली असतात आणि कोणीतरी कपाटातला जुना अल्बम काढते. कराचीला, नैरोबीला नाहीतर मोझांबिकला नोकरीसाठी गेलेल्या एखाद्या आजोबांचा विमानाच्या शिडीजवळ उभे राहून काढलेला फोटो गोव्यातल्या बऱ्याच अल्बमांत सापडतो. आजोबा कोण, कोट कोणाकडून शिवून घेतला, हे सगळे घरात ठाऊक असते. मागचे विमान कोणते, ते मात्र कोणालाच सांगता येत नाही. असा एखादा फोटो हाताशी असला की खेळ सुरू करता येतो.

खेळ सोपा आहे. एकाने फोटो पुढ्यात ठेवायचा, बाकीच्यांनी विमान ओळखायचे. अट एकच, पण ती मोडायची नाही: नावाबरोबर कारण सांगायचे. "हे डकोटा आहे" (डकोटा म्हणजे डग्लस कंपनीचे दोन इंजिनांचे जुने विमान) हे अर्धे उत्तर झाले. "डकोटा आहे, कारण पंखाची पुढची कड मागे झुकलेली, मागची जवळजवळ सरळ, आणि धड पंखावर बसवलेले" हे पूर्ण उत्तर. कारण सांगायची सवय लागली की महिन्याभरात नजर बदलते. नुसती नावे फेकत राहिलात तर वर्षभरानेही जिथल्या तिथेच असाल.

बैठक कशी मांडावी

चार ते आठ जण पुरेत. आठाच्या वर गेले की मागचे दोघे-तिघे फक्त ऐकत बसतात. दीड तासाच्या बैठकीला आठ फोटो भरपूर होतात: तीन सोपे, तीन मध्यम, दोन कठीण. प्रत्येक फोटोच्या 4 बाय 6 इंची दोन-तीन प्रती काढाव्यात, म्हणजे एकाच मोबाइलवर सगळ्यांची डोकी आपटत नाहीत. सोबत 5 ते 10 पट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि कोरे कागद ठेवावेत. बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसणार असाल तर उन्हाची तिरीप फोटोवर येणार नाही अशी जागा निवडा. चकचकीत कागदावर उजेड पडला की शेपटीची कडच दिसत नाही, आणि सगळी मदार त्या कडेवर असते.

गुण दहा: कंपनीला 2, विमानाच्या नावाला 3, नेमक्या आवृत्तीला 2 आणि कारणाला 3. चुकीचे नाव पण बरोबर निरीक्षण असेल तर कारणाचे तीन गुण द्यावेत, हात आखडता घेऊ नये. नवखा माणूस त्या तीन गुणांसाठीच पुढच्या वेळी येतो. पहिली पाच मिनिटे कोणीही नाव उच्चारायचे नाही, फक्त काय दिसते ते बोलायचे. हा नियम जाचक वाटेल, पण एकाने ठामपणे चुकीचे नाव घेतले की बाकीच्यांचे डोळे तेच शोधू लागतात. मोबाइलवर चित्र टाकून शोधणे बैठक संपेपर्यंत बंद.

कुठून पाहायला सुरुवात करावी

सगळ्यांची नजर आधी रंगावर आणि खुणांवर जाते. त्या शेवटी पाहाव्यात. रंग पुन्हा मारता येतो, अक्षरे खोडता येतात, विमान एका देशाकडून दुसऱ्या देशाला विकले जाते. धातूचा आणि लाकडाचा सांगाडा मात्र सहसा खोटे बोलत नाही.

पहिली शेपूट. उभे फिन, म्हणजे शेपटीवरचे उभे पाते, किती: एक, दोन की तीन? आडवा टेलप्लेन, म्हणजे शेपटीचा छोटा आडवा पंख, धडावर आहे, फिनच्या मध्यावर आहे की टोकाला? त्याला खालून आधाराचे दांडे आहेत का? फिनची बाह्यरेषा कागदावर काढाच, चित्रकला येत नसली तरी. द हॅविलंड कंपनीच्या जुन्या छोट्या विमानांची गोलसर, वर निमुळती होत जाणारी फिन एकदा हाताने काढली की पुढे अर्ध्या सेकंदात ओळखू येते. तीन फिन आणि माशासारखे वाकदार धड म्हणजे बहुधा लॉकहीड कॉन्स्टेलेशन. पण तीन फिन अॅव्रो यॉर्कलाही असतात. यॉर्कचे पंख धडाच्या वर, कॉन्स्टेलेशनचे खाली, आणि इथे वाद मिटतो.

दुसरे इंजिन. किती आहेत हे सगळेच मोजतात, कोणत्या जातीचे आहे हे थोडेच पाहतात. गोल, रुंद तोंड असेल तर रेडियल, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेले. अरुंद, लांबट नाक असेल तर इनलाइन, सिलिंडर रांगेत. छोट्या इनलाइनमध्ये आणखी एक गोष्ट बघा. सिलिंडर वर डोकावत असतील आणि प्रोपेलरचा दांडा खाली असेल तर इंजिन सरळ बसवलेले आहे. दांडा वर आणि नाकाचा पोटाकडचा भाग फुगीर असेल तर ते उलटे टांगलेले आहे. 1920च्या दशकातले जिप्सी मॉथ आणि पुढचे टायगर मॉथ यांतला ठळक फरक हाच.

इथे एक सापळा आहे, त्यात जाणकारही अडकतात. युंकर्स 88 या जर्मन बॉम्बफेकी विमानाच्या इंजिनाचे नाक गोल दिसते, म्हणून लोक पटकन रेडियल म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याच आवृत्त्यांत आत इनलाइन इंजिन आहे आणि गोल दिसतो तो पुढे कड्यासारखा बसवलेला रेडिएटर. धुराची नळकांडी पाहा. ती इंजिनाच्या बाजूने एका सरळ रांगेत असतील तर तोंड कितीही गोल असो, इंजिन इनलाइनच.

प्रोपेलर कोणत्या बाजूला फिरतो, हेही स्थिर फोटोतून कळते, कारण पात्याला पीळ असतो. वैमानिकाच्या जागेवरून पाहिले तर रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते आणि ग्रिफन उलट. एकाच विमानाच्या दोन आवृत्त्यांत इंजिन बदललेले असेल तर एवढ्यावर निकाल लागतो.

तिसरे पंख. एक जोडी की दोन? धडाच्या वर, मध्ये की खाली? टोके गोल, चौकोनी की वर वळलेली? द्विपंखी विमानात एका बाजूच्या उभ्या दांड्यांच्या जोड्या मोजा. बाजूला एकच जोडी म्हणजे एक खण, दोन म्हणजे दोन खण. खालचा पंख वरच्यापेक्षा ठळकपणे लहान असेल तर ते वेगळे टिपून ठेवा. यादी यामुळे एकदम आखडते.

चाकांवर फार विसंबू नका. मागे चाक की पुढे, उघडी की दुमडणारी, एवढे नोंदवा आणि पुढे चला. चाकांवरची सुबक झाकणे चिखल अडकतो म्हणून काढून टाकत असत, तेव्हा झाकण नाही म्हणून विमान दुसरे ठरत नाही.

खिडक्यांना मात्र वेळ द्या. डग्लस डीसी-4च्या खिडक्या गोलसर, डीसी-6च्या चौकोनी. मूळ कॉन्स्टेलेशनच्या गोल, सुपर कॉन्स्टेलेशनच्या चौकोनी, आणि सुपरचे धड 18 फुटांहून थोडे अधिक लांब. फोटोत विमानाचा मधलाच तुकडा आला असेल, शेपूट नाही, नाक नाही, तरी शिडीशेजारच्या दोन खिडक्यांवरून चार इंजिनांचे विमान नक्की करता येते. आजोबांच्या फोटोत नेमका हाच तुकडा असतो.

शेवटी माप. फोटोत विमानाजवळ माणूस उभा असेल तर पट्टी लावा. समजा माणूस 12 मिलिमीटर भरला आणि विमान 85. माणसाची उंची 1.7 मीटर धरली तर 85 भागिले 12 गुणिले 1.7, म्हणजे साधारण 12 मीटर. हे गणित दोनच अटींवर जमते: विमान अगदी बाजूने दिसत असावे आणि माणूस कॅमेऱ्यापासून विमानाइतक्याच अंतरावर असावा. माणूस दोन पावले पुढे असला तरी विमान आहे त्याहून लहान भरते. दहा टक्के इकडे-तिकडे गृहीत धरून चाला.

एकाच उदाहरणावर जरा रेंगाळू

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले ते द हॅविलंड पुस मॉथ विमानातून, नोंदणी व्हीटी-एडीएन. त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 1982 साली, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. विमान मात्र लेपर्ड मॉथ होते. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्ही वरच्या पंखाची, बंद केबिनची, एका उलट्या इनलाइन इंजिनाची. साहजिकच फोटोंची अदलाबदल होते.

वेगळे कसे करायचे? पंख पाहा. पुस मॉथचा पंख मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारख्याच रुंदीचा आहे. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होतो. फोटो समोरून असेल तर ही निमुळती रेष दिसत नाही, म्हणून वरून किंवा तिरका काढलेला फोटो मागा. समोरूनच असेल तर चाकाच्या पायाचा वरचा जोड कुठे आहे ते पाहा: लेपर्डमध्ये तो पुढे, इंजिनाच्या मागच्या भिंतीपाशी जातो. विमान कापडी आवरणाचे असल्याने पंखातल्या फासळ्या उन्हात उमटतात. फासळ्यांची लांबी टोकाकडे कमी होत गेलेली भिंगातून दिसली की प्रश्न सुटला. फोटोखाली 1932 लिहिले आहे आणि पंख निमुळता आहे, तर फोटोखालचा मजकूर चुकीचा. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडाले तेच 1933 साली.

सरावाची जागा: बोगमाळोचा रस्ता

दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर भारतीय नौदलाचे विमान संग्रहालय आहे. 1998 साली सुरू झाले. आडवळणाची विमाने खऱ्या आकारात, हाताच्या अंतरावर पाहायला गोव्यातल्या माणसाला याहून चांगली जागा नाही. पण तिथे जाऊन फलक वाचत फिरू नका. विमानाभोवती गोल चाला, आठ जागी थांबा, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे फक्त पाहा. वहीत शेपूट, इंजिन, पंख या क्रमाने तीन ओळी लिहा, आणि मग फलकाकडे वळा. एका फेरीत चार विमाने पुरेत.

शॉर्ट सीलँडपासून सुरुवात करावी. जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारे हे दोन इंजिनांचे विमान जगात सगळे मिळून 25च बांधले गेले आणि त्यातली 10 भारतीय नौदलाने घेतली. फोटोत ते हमखास ग्रुमन विजन म्हणून ओळखले जाते, कारण दोघांचाही पंख वर, पोट बोटीसारखे, आणि मूळ विजनलाही उलटी इनलाइन इंजिने. टेलप्लेन पाहा: सीलँडचा फिनवर चढवलेला आहे. विजनची चाके दुमडल्यावरही पोटाच्या दोन्ही बाजूंना खोबणीत दिसत राहतात. ग्रुमन गूज असेल तर इंजिने रेडियल, तिथे गोंधळ व्हायचे कारणच नाही.

फेअरी फायरफ्लाय पाहाल तेव्हा हनुवटीकडे लक्ष द्या. पहिल्या आवृत्तीत रेडिएटर प्रोपेलरच्या खाली हनुवटीसारखा लटकतो, चौथ्या आवृत्तीपासून तो पंखाच्या मुळाशी पुढच्या कडेत गेला आणि पंखांची टोके छाटली गेली. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर वेगळीच विमाने वाटतात.

सी हॉकच्या मागे जाऊन उभे राहा. जेट असून शेपटीच्या टोकाला भोक नाही! धूर दोन वाटांनी, पंखाच्या मुळाशी मागच्या कडेजवळून बाहेर पडतो. त्या काळच्या एका इंजिनाच्या जेटमध्ये ही रचना दुर्मीळ, म्हणून धूसर फोटोतही ते सापडते.

ब्रेग्वे अॅलिझे आणि ब्रिटिश फेअरी गॅनेट यांची गल्लत नेहमीची. दोन्ही पाणबुड्या शोधणारी, दोन्ही टर्बोप्रॉप (जेटच्या जातीच्या इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी), दोन्हींचे पोट जड. गॅनेटच्या नाकावर एकामागे एक उलट दिशांनी फिरणारे दोन प्रोपेलर असतात आणि टेलप्लेनवर दोन छोटी जादा फिन. अॅलिझेला प्रोपेलर एकच, आणि पंखांच्या पुढच्या कडेतून बाहेर आलेल्या दोन लांबट पेट्या, ज्यांत चाकेही बसतात.

व्हॅम्पायर या ब्रिटिश जेटची जुळी शेपूट पाहून लोक खूश होतात आणि तिथेच फसतात. व्हेनमचीही तशीच असते. व्हेनमच्या पंखाची पुढची कड मागे झुकलेली, मागची कड सरळ. व्हॅम्पायरच्या दोन्ही कडा टोकाकडे निमुळत्या. आणि जुळ्या शेपटीच्या मध्ये, धडाच्या मागे प्रोपेलर दिसला तर स्वीडनचे साब 21 आठवा.

एचटी-2 जवळून पाहाच. भारतात आखलेले आणि कारखान्यातून मालिकेने बाहेर पडलेले ते पहिले विमान, 1951 साली उडालेले, डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले. परदेशी खेळाडू त्याला हटकून चिपमंक (द हॅविलंडचे शिकाऊ विमान) म्हणतात. त्याच्या शेपटीची रेष वहीत काढून आणा आणि शेजारी चिपमंकची काढा. अशा कोड्यावर आपल्याकडच्या माणसाने चुकू नये.

एक ध्यानात ठेवा: संग्रहालयातली विमाने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी असतात, पुन्हा पुन्हा रंगवली जातात. तिथल्या रंगाला आणि आकड्यांना पुरावा मानू नका. पावसाळी ढगाळ दिवस पाहायला चांगला, कारण भर उन्हात पंखाखालचा भाग काळा पडतो. फोटो काढायचे तर आत शिरताना विचारून घ्या. विमानतळ आणि नौदलाचा तळ शेजारीच आहे, तिकडे कॅमेरा वळवायचा नाही.

खुणा वाचताना

आता अक्षरे. गोव्यातल्या अल्बमांसाठी हा भाग खास कामाचा. सीआर-आय ने सुरू होणारी नोंदणी पोर्तुगीज भारताची. 1955 साली स्थापन झालेल्या ताइप या विमान कंपनीची विमाने या अक्षरांनी उडत, आणि डिसेंबर 1961 नंतर ती इथे असणे शक्य नाही. त्यामुळे या अक्षरांचा फोटो सहा-सात वर्षांच्या पट्ट्यात आपोआप बसतो. ताइपकडे हेरन, व्हायकिंग, डीसी-4 आणि नंतर डीसी-6 होती. व्हिकर्स व्हायकिंग आणि डकोटा यांची लांबी जवळपास सारखीच, तेव्हा पट्टी उपयोगी पडत नाही. व्हायकिंगचे धड गुबगुबीत आहे आणि पंख धडात डकोटापेक्षा वरून शिरतो.

सीआर-ए दिसले तर मोझांबिक, सीआर-एल तर अंगोला, व्हीपी-के तर केनिया, एपी तर 1947 नंतरचे पाकिस्तान. व्हीटी भारताचे, पण 1947 पूर्वीच्या फोटोत तेच अक्षर कराचीच्या विमानावरही असणार. फोटोची मागची बाजू उलटून पाहायला विसरू नका. पोर्तुगीज सवयीने तारखेतला महिना रोमन आकड्यात लिहिलेला सापडतो.

लष्करी खुणांत रंगच फसवतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, त्यामुळे लाल जवळजवळ काळा उमटतो, पिवळाही गडद, आणि निळा पांढुरका. ब्रिटिश गोल खूण अशा फोटोत ओळखू न येण्याइतकी बदलते. दुसऱ्या महायुद्धात आपल्या भागातल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरून जपानी खुणेशी गल्लत नको म्हणून लाल ठिपका काढूनच टाकला होता. स्वस्तिक दिसले की जर्मनी म्हणू नका: फिनलंडच्या हवाई दलाने 1918 पासून निळे स्वस्तिक वापरले आणि लात्वियाने लाल.

फोटो उलटा छापलेला असेल तर? माणसांच्या शर्टाची बटणपट्टी पाहा. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते. उलट दिसली तर निगेटिव्ह पालथी पडली आहे. ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण लष्करी डकोटाचे मोठे दार डावीकडे असते आणि त्याच्या रशियन भावंडाचे, लिसुनोव्ह ली-2चे, प्रवासी दार उजवीकडे. पालथ्या निगेटिव्हमुळे अमेरिकन विमान रशियन होऊन बसते.

कोडे घालणाऱ्याची जबाबदारी

फोटोवरची अक्षरे पुसली असतील तर तसे सांगा. बाकी कशालाही हात लावू नका, विशेषतः आरसाप्रतिमा करू नका. एकच प्रत बांधली गेलेली विमाने बैठकीत एकापेक्षा जास्त नकोत. ती ओळखायला नजर लागत नाही, फक्त पाठांतर लागते. चांगले कोडे दोन विमानांच्या सीमेवर असते: पर्सिव्हल प्रेंटिसची वर वळलेली पंखांची टोके, डीसी-4ला मर्लिन इंजिने बसवलेले कॅनेडियन नॉर्थ स्टार, युंकर्स 52 आणि पंख वर असलेली तितकीच पन्हळी पत्र्याची फोर्ड ट्रायमोटर.

सूचना तीन द्याव्यात आणि प्रत्येकीला एक गुण कापावा. आधी रचनेबद्दल, मग दशक, मग देश. देश आधी सांगितला की लोक विमान पाहणे थांबवून आठवू लागतात.

घरचा अल्बम वापरणार असाल तर फोटो काळ्या कागदावरून ओढून काढू नका. पानासकट 600 डीपीआयने स्कॅन करा, छोटे 6 बाय 9 सेंटिमीटरचे असतील तर 1200ने, आणि निघत असेल तर मागची बाजूही. बुरशीचे ठिपके ओल्या फडक्याने पुसले तर प्रतिमेचा थरच निघून येतो. पावसाळ्यात अल्बम घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला.

न सुटलेला प्रत्येक फोटो पाकिटात घालून वर तारीख टाका आणि आत एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर विमान काय नाही ते लिहा: "डकोटा नाही, पंख वर शिरतो. व्हायकिंग नाही, पुढे चाक आहे." सहा महिन्यांनी पाकीट पुन्हा उघडाल तेव्हा सुरुवात या चिठ्ठीपासून करता येते.